बेरिलच्या नावावरची रेघ

श्रीमती ओकडेननी पट्टी माझ्या नावाखाली सरकवली, आणि टेबलाच्या या बाजूनं यादी उलटी वाचता वाचता मला दिसलं की माझ्या बायकोचं नाव आधीच खोडलेलं आहे.

चौदा नंबरचं घर. शेरॅट, बेरिल. वरून पेन्सिलीची रेघ. चौदा नंबर. शेरॅट, नेव्हिल. हा अजून शाबूत होता. मग पेन्सिल पट्टीला घासत गेली आणि मीही खोडला गेलो. जो मत द्यायला येतो त्याला खोडायचं आणि जो घरी झोपून राहतो त्याचं नाव स्वच्छ ठेवायचं, ही रीत ज्यानं काढली तो माणूस नक्की लग्न झालेला असणार. "घे नेव्हिल," श्रीमती ओकडेन म्हणाल्या. त्यांचा चष्मा कपाळावर होता आणि डोळे बारीक केलेले होते. तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांना जेवण वाढलं, मटार मोजायला चष्मा लागत नाही. "आत पेन्सिल आहे. स्वतःचं पेन आणलं असलंस तरी चालेल. आज सगळे पेनं घेऊन येतायत. म्हणे आपल्या फुल्या कुणीतरी खोडरबरानं पुसणार आहे. एवढं खोडरबर आणणार कुठून, मी म्हणते." मी हसलो. म्हणजे तोंड हसलं. बाकीचा मी अजून त्या रेघेपाशीच उभा होतो.

कारण बेरिल इथं येणार नव्हती. मीही येणार नव्हतो. आमचा करार होता.

हा करार एकोणीसशे पंचाहत्तरच्या जूनमधला. लग्नाला आठ महिने झाले होते. तेव्हाही देशानं हाच प्रश्न विचारला होता, फक्त तेव्हा त्या शेजारी देशांच्या गटाला सामायिक बाजार म्हणायचे आणि आपण नुकतेच आत शिरलो होतो: आता आलोच आहोत तर राहायचं, की आल्या पावली परत फिरायचं? मी राहा म्हणत होतो. मी कपबशांच्या कारखान्यात भट्टीवर होतो, आणि आमच्या भट्टीतून निघालेल्या कपांखालच्या पिरचा बेल्जियमच्या हॉटेलांत जात होत्या. ज्या घरात आपल्या पिरचा आहेत ते घर सोडून कशाला यायचं, असं माझं म्हणणं. बेरिल निघा म्हणत होती. तिची एक मावशी न्यूझीलंडला होती आणि तिथलं लोणी आता महागणार होतं, म्हणजे मावशीचा अपमान होणार होता. न्याहारीला भांडण सुरू झालं. तिनं लोणी लावायचं थांबवून सुरी माझ्याकडे रोखली. मग आम्ही याच सभागृहात, याच बॅडमिंटनच्या पट्ट्या आखलेल्या फरशीवर, मत द्यायला आलो. येताना ती एका फुटपाथवर, मी समोरच्या. परतताना अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि रस्त्यापलीकडून ओरडली, "नेव्हिल, अरे आपण दोघं मिळून शून्य आहोत!" आणि हसायला लागली. इतकी हसली की शेवटी मला रस्ता ओलांडावा लागला. पार्लमेंटातले सभासद अशी जोडी लावतात, हे तिनं पेपरात वाचलं होतं: विरुद्ध बाजूचे दोघे ठरवून गैरहजर राहतात, हिशेब तोच राहतो आणि दोघांनाही दुपारची झोप मिळते. आम्ही हात मिळवले. तेव्हापासून मतदानाच्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या बागेत चहा प्यायला जातो. नऊ सार्वत्रिक निवडणुका. शहराच्या निवडणुका मोजल्याच नाहीत. पंतप्रधान आले नि गेले, आम्हाला कुणी विचारलं नाही, आम्ही स्कोन खाल्ले.

मी त्या लाकडी आडोशात शिरलो. तीन बाजूंनी प्लायवूड, दोरीला बांधलेली पेन्सिल, समोर फळीवर कागद.

राहावं ☐
निघावं ☐

एवढंच. चाळीस वर्षांची भांडणं दोन चौकोनांत.

गंमत अशी की आता आमची बाकं बदलली होती. मी निघा म्हणत होतो आणि बेरिल राहा. हे कधी झालं ते सांगता येत नाही. रोज रात्रीच्या जेवणाला ती मला पटवत राहिली, मी तिला पटवत राहिलो, आणि कधीतरी, बहुधा भट्टी बंद झाली त्या सुमारास, दोघांनाही एकाच वेळी पटलं. गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, "ज्या घरात आपल्या पिरचा आहेत ते घर सोडून कशाला यायचं?" मी चमकलो. माझंच वाक्य, इतकी वर्षं तिच्याकडे राहून, धुऊन पुसून मला परत वाढलं जात होतं. "पिरचा कुठं आहेत आता?" मी म्हणालो. "भट्टी गेली, बेरिल." "भट्टी ब्रसेल्सला नाही गेली, राजा. ती पूर्वेला गेली. जहाजानं गेली. तू स्वतः तिचे बोल्ट काढून दिलेस." "पण जाऊ कुणी दिली?" "आपल्याच माणसांनी." "म्हणूनच!" मी टेबलावर हात आपटला. आपटल्यावर मला कळेना की म्हणूनच काय. ती म्हणाली, "न आवडणाऱ्या घरात बसून भांडायचं असतं, नेव्हिल. बाहेर जाऊन भांडलं तर आत ऐकू येत नाही." मी म्हणालो, "अठ्ठावीस देशांच्या टेबलावर तसंही काही ऐकू येत नाही." ती म्हणाली, "दोघांच्या टेबलावर तरी तू कुठं ऐकतोस." असं. मे महिना सगळा असाच.

पण खरं सांगायचं तर (इथं आडोशात खरं सांगायला हरकत नाही, प्लायवूड आहे) मी ब्रसेल्ससाठी आलो नव्हतो. मला मोजलं जायचं होतं. आमच्या भागात एकच पक्ष वर्षानुवर्षं निवडून येतो. तिथं माझं मत म्हणजे भरल्या टाकीत थुंकणं. या वेळी देशभराच्या फुल्या एकाच ढिगात मोजणार होते. एकदा तरी, मरण्याआधी, त्या ढिगात नेव्हिल शेरॅट नावाची एक फुली असावी. म्हणून सकाळी मी म्हणालो, "ओटकेक घेऊन येतो." आणि बेरिल म्हणाली, "आण. मी केस सेट करून घेते, नऊची वेळ आहे." केस! एक्केचाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी खोटं बोलली नाही. माझ्या आईनं विणलेल्या स्वेटरबद्दलसुद्धा नाही, आईच्या तोंडावर. आणि आज, डोक्याला रुमाल बांधून, डोळ्याला डोळा देऊन—

"ठीक आहे ना आत?" श्रीमती ओकडेन.

"ठीक आहे!"

—खोटं बोलून, माझ्या आधी येऊन मत देऊन गेली. माझ्या आधी! मलाही तेच करायचं होतं हे खरं, पण मी उशिरा आलो होतो, आणि उशिरा केलेल्या फसवणुकीत थोडा तरी संकोच असतो. पेन्सिल हातात होती. आता विचार करायला हवा होता, आणि विचार माझ्या डोक्यात एका वेळी एकच मावतो. मी निघावंवर फुली मारली तर तिची एक, माझी एक, शून्य. म्हणजे दोघांनी करार मोडला तर करार तंतोतंत पाळला जातो. हे मला आवडलं नाही. इतकी लबाडी करून शून्यच यायचं तर चहा काय वाईट होता? आणि समजा फुली मारलीच नाही. मग तिचं मत एकटं ढिगात जाईल. माझी बेरिल, जिनं एकतीस वर्षं चाकावर कप फिरवत त्यांच्या काठाला सोन्याची रेघ ओढली आणि त्या कपांवर कुठं नाव नाही, ती तरी मोजली जाईल. जी बाई कधी खोटं बोलत नाही ती खोटं बोलली, म्हणजे तिला हे माझ्यापेक्षा जास्त हवं असणार. हवं तर घेऊ दे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यामागूनच, लाज वाटते, पण दुसरा एक विचार चालत आला: मी कागद कोरा टाकला तर करार पाळणारा मी आणि मोडणारी ती. जन्मभर. उरलेलं सगळं आयुष्य मला एका उंच जागेवर बसून काढता येईल. कधी काही बोलायचं नाही. फक्त तिथं बसायचं आणि वरून क्षमाशील नजरेनं बघायचं.

"नेव्हिल, रांग लागलीय रे!"

माझं मत असं होतं:



(ही छपाईची चूक नाही.)

कागद दुमडला, पेटीत टाकला. बाहेर कुणाचा तरी कुत्रा रेलिंगला बांधलेला होता. मी त्याच्याकडेसुद्धा क्षमाशील नजरेनं बघितलं. अशा अवस्थेत मी घरी पोचलो, रिकाम्या हातानं.

"ओटकेक?" बेरिलनं विचारलं. तिचे केस खरोखरच सेट केलेले होते. किती तयारीची बाई.

"दुकान बंद होतं."

"हो का?" ती म्हणाली आणि टेबलाकडे गेली. टेबलावर कागदात गुंडाळलेले सहा ओटकेक होते, धिरड्यांसारखे मऊ, अजून वाफाळते. तिनं चीज आणि बेकन घालून गुंडाळले आणि माझ्यापुढे ठेवले. मी खाल्ले. ते कुठून आले हा प्रश्न मला पडला नाही. उंच जागेवरून ओटकेक दिसत नाहीत.

दुपारी ठरल्याप्रमाणे बागेत चहा. बस, फाटक, काचेचं चहाघर. चहा येण्याआधी आम्ही दोघांनी सवयीनं रिकामे कप उलटे करून बुडाचा कारखान्याचा शिक्का वाचला. आमच्या शहरात लोक बाप्तिस्म्यालाही हे करतात. आपला नव्हता. बेरिलनं कप सुलटा ठेवला. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, आणि न बोलण्याची सुरुवात मी लगेच केली.

"केस छान झालेत," मी म्हणालो. "बराच वेळ लागला असेल. रांग होती?"

"केसांना रांग?"

"असते एकेका ठिकाणी. आजच्यासारख्या दिवशी."

"तुला बरं वाटतंय ना? सकाळपासून चेहरा असा केलायस, चर्चच्या खिडकीतल्या संतासारखा."

"मला काय धाड भरलीय? मी शब्दाचा पक्का माणूस. चहा पितोय."

"स्कोन घे." तिनं घड्याळ बघितलं. त्या दुपारी तिनं चार वेळा घड्याळ बघितलं आणि चारही वेळा मी समजलो की हे तिचं मन तिला खातंय. इतकी शांत बसली होती. गुन्हा केलेला माणूस इतका शांत बसला तर त्याला सराईत म्हणतात. मी तिच्याकडे बघत विचार करत होतो की ही जर आज खोटं बोलू शकते तर मागचं काय? आईचा स्वेटर? नव्वद साली समुद्रकिनाऱ्यावर ती म्हणाली होती की मला तुझ्याशिवाय करमत नाही, ते? एक रेघ यादीवर ओढली गेली आणि तिचं दुसरं टोक मागं मागं जात माझ्या लग्नाच्या फोटोपर्यंत पोचलं. मी दुसरा स्कोन घेतला. दुःखात मला भूक लागते. आमच्या मागच्या टेबलावरचे दोघे देशाबद्दल भांडत होते, आणि मला त्यांचा हेवा वाटला: त्यांचं भांडण मोठ्यानं चाललं होतं.

घरी आलो. सहाला पाच कमी. बेरिलनं कोट काढला नव्हताच. "मी जरा पत्र टाकून येते."

"आता? टपाल तर साडेपाचला उचलतात."

"मग उद्या उचलतील," ती म्हणाली आणि गेली. मी खिडकीशी खुर्चीत बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं. बारा नंबरचा लेन पॉइन्टन हातात कात्री घेऊन त्याचं कुंपण सरळ करत होता. एक टोक कापायचं, मग दुसरं त्याच्याइतकं करायचं, मग पुन्हा पहिलं. रोजच्याप्रमाणे कुंपण ठेंगणं होत चाललं होतं. मला एकदा वाटलं, हाक मारून त्याला सगळं सांगावं. पण उंच जागेवरच्या माणसानं हाक मारायची नसते.

पाऊण तासानं दार वाजलं. बेरिल आत आली, कोटासकट माझ्यासमोर बसली, पर्स मांडीवर उभी धरली. गाल लाल झाले होते.

"नेव्हिल," ती म्हणाली, "आज मी मत दिलं का?"

मी हळूहळू तिच्याकडे मान वळवली. किती वेळ या क्षणाची वाट बघितली होती. "ते तुझं तुला माहीत," मी म्हणालो. "मी काही म्हटलंय का?"

"दिलं असेल तर कधी दिलं असेल?"

"साडेदहाच्या आधी."

बोललो, आणि तोंडातून बाहेर पडलेलं ते साडेदहा टेबलावर पडून राहिलेलं मला दिसलं. बेरिलनंही ते बघितलं. घाई केली नाही.

"साडेदहाच्या आधी," ती म्हणाली. "ओटकेकचं दुकान बंद होतं तेव्हा."

"बेरिल—"

"जे दुकान मी केस करून येताना उघडं होतं. जिथनं मी सहा घेतले, कारण नेव्हिल मागच्या रस्त्यानं घाईघाईनं मेथडिस्टांच्या सभागृहाकडे जाताना मला दिसला, मान खाली घालून, सिनेमाला पळालेल्या पोरासारखा."

"तू बघितलंस?"

"बघितलं. आणि म्हटलं ठीक आहे. तू जातोस तर मीही जाते. संध्याकाळी. पत्र टाकायला म्हणून." तिचा आवाज जरा चढला. "गेले. नाव सांगितलं. तर ती ओकडेन म्हणते, तू सकाळीच देऊन गेलीस की, बेरिल! मी म्हटलं, मी? म्हणे यादीत खोडलंय. माझ्या मागं अख्खी रांग. सगळे बघतायत, म्हातारी दुसऱ्यांदा मत द्यायला आली."

 दिवसभराचं माझं लग्न माझ्या डोक्यात उलट्या दिशेनं परत यायला लागलं: समुद्रकिनारा, आईचा स्वेटर, डोक्याचा रुमाल, एकेक करून जागेवर. ती नऊ वाजता केस करायला गेली होती. खरंच केस करायला. ती सहा वाजेपर्यंत निष्पाप होती आणि ते सगळे तास मी तिला चहाघरात बसवून फाशी दिली होती.

"मग रेघ कुणी—"

"रेघ!" बेरिल उसळली. "तिला रेघ म्हणतोस? पट्टी लावून इतकी वाकडी! लेन पॉइन्टनच्या नावापाशी सुरू होते आणि माझ्या नावावर येऊन आडवी होते. लेनला खोडायला गेली आणि मला खोडलं. चष्मा कपाळावर! आमच्या खात्यात अशी एक रेघ ओढली असती तर दुपारपर्यंत घरी पाठवलं असतं. तुझ्या नावावरची बघितली, ती मात्र सरळ होती. अगदी सरळ."

लेन बाहेर कुंपण कापत होता. आम्ही दोघांनी एकदम त्याच्याकडे बघितलं, आणि दोघांनी एकदम नजर काढून घेतली.

"मग दिलं का तुला मत द्यायला?" मी विचारलं.

"गुलाबी कागद दिला. मुख्य अधिकारी आला, माझं नाव काय, मी तीच का, आधी दिलं नाही ना, असं सगळं विचारलं. म्हणे अशी भानगड झाली की गुलाबी कागद देतात. तो पेटीत टाकत नाहीत. पाकिटात घालतात."

"आणि मोजतात?"

"नाही मोजत. कुणी कोर्टात गेलं तर मोजतात." ती पर्सच्या कडीशी चाळा करत राहिली. "म्हणजे तुझं एक आणि माझं पाकिटात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपण शून्य नाही, नेव्हिल. अभिनंदन."

"माझा कोरा होता," मी म्हणालो.

"काय कोरा होता?"

"कागद. मी फुली मारलीच नाही." आणि मग सगळं सांगितलं. तिचं नाव उलटं वाचलं ते, तिला मोजलं जावं असं वाटलं ते, डोळ्यांत आलेलं पाणी. उंच जागा सांगायची नव्हती, तीही सांगितली. सांगताना माझ्या लक्षात आलं की माझ्या आयुष्यातली ही एकच उदात्त गोष्ट, आणि तिला साक्षीदार प्लायवूड. तो कागद आता हजारो कागदांत पडलेला होता, वर नाव नाही, खूण नाही. मी खोटं बोलत असतो तर नेमकं हेच बोललो असतो. ओटकेकचं दुकान बंद म्हणणारा माणूस.

"कोरा," बेरिल म्हणाली.

"कोरा. शपथ."

"कुणाची?"

मी शपथ घेण्याजोगं काही दिसतंय का ते खोलीभर बघितलं.

तिनं पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या गुलाबीवर काय केलं, विचार की."

"काय केलंस?"

"तुझ्या चौकोनात फुली मारली. निघावं." तिनं नाक वर केलं. "मोजणार नाहीत म्हटल्यावर म्हटलं, देऊन टाकू म्हाताऱ्याला. फुकटात औदार्य. मोजणार असते तर मेले असते तरी मारली नसती."

"खरंच?"

"कोर्टात जा आणि पाकीट उघडून बघ."

ती उठली. कोट काढला, खुंटीला लावला, परत येऊन माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. तिचा चेहरा मी ओळखला. कारखान्यात भट्टीतून निघालेला माल तिच्या टेबलाशी यायचा तेव्हा असा व्हायचा. सोनं लावण्याआधी प्रत्येक कपाला नखानं टिचकी मारून कान द्यायचा असतो. तडा डोळ्याला दिसत नाही, पण तडकलेला कप मेलेल्या आवाजात बोलतो, आणि मग तो सरळ मागच्या पिंपात.

"हलू नकोस," ती म्हणाली, वाकली, आणि माझ्या कपाळावर टिचकी मारली. मान तिरपी करून ऐकलं. पुन्हा मारली, जरा डावीकडे. मी श्वास धरून बसलो होतो. खरा आवाज यावा म्हणून डोक्याला आतून काय करावं लागतं ते मला माहीत नव्हतं.

"काय?" मी हळूच विचारलं.

"दुय्यम माल," बेरिल म्हणाली. "दुकानात जायचा नाही. घरी वापरायला ठीक आहे."